जंगलात झाडाच्या सालीकडेही बघा

"जवळच्या छोट्या राखीव जंगलात एकदा फिरून आलं की संपलं, प्राणी तर दिसतच नाहीत" असं जंगलभटकंतीच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मत मला पटलं नाही. भराभर चालत राहिलं तर दिसणार नाहीतच, आपल्या पावलांनीच सगळं गप्प होतं. एका जागी वीसेक मिनिटं बसलं की पक्षी आपापल्या कामाला लागतात. पण त्या चर्चेत कुणीच न काढलेला विषय आहे झाडांच्या सालीचा. सालीवर राखाडी-हिरवट, कडा कुरळ्या झालेले चट्टे असतात ना, तो रोग नव्हे. ते दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात, पाणी आणि क्षार ते थेट पावसातून आणि हवेतून घेतं. म्हणूनच त्याच्या बऱ्याच जातींना सल्फर डायऑक्साइड, म्हणजे कोळशासारखं इंधन जळताना हवेत मिसळणारा घातक वायू, सोसत नाही. विल्यम नायलँडर या अभ्यासकाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं तपासून त्यांचा शहराच्या हवेशी संबंध दाखवला होता. तेही जंगलात नाही, चक्क शहरातल्या बागेत!

मी खिशात एक साधं भिंग ठेवतो. कोरड्या दगडफुलावर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा, थोड्याच वेळात राखाडी रंग हिरवा व्हायला लागतो, आतलं शैवाल दिसू लागतं. दरवेळी तितकाच आनंद होतो मला. फक्त खरवडून घरी नेऊ नका, कितीतरी जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात.