फराळाच्या पार्सलात थर्माकोलऐवजी काय घालावं?

ताई, पुण्याला फराळ पाठवताना बबल रॅपऐवजी पेंढा चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दिवाळीच्या तोंडावरचा पेंढा नको. नुकत्याच कापलेल्या भाताचा तो, आत ओल असते. टेप लावलेल्या खोक्यात ती कोंडते आणि चार दिवसांत बुरशीचा वास चकल्यांना लागतो.

त्यापेक्षा नारळाची सोडणं, म्हणजे वरची तंतुमय सालं, वापरा. सुकी सोडणं लाकडी दांड्याने ठेचून काथ्या मोकळा करायचा, भुसा झटकायचा आणि दोन-तीन कडक उन्हं द्यायची. मुठीत दाबून सोडला की काथ्या परत फुगला पाहिजे. गोळा राहिला तर अजून ओला आहे. तो सुटा भरू नका, कुसळं फराळात जातात. जुन्या सुती साडीच्या वीतभर पिशव्या शिवून त्यात भरा, दोन इंच जाडीच्या उशा होतात. खोक्याच्या तळाला, वर आणि चारही बाजूंना एकेक. गोल डबा चौकोनी खोक्यात कोपरे रिकामे सोडतो, आणि डबा हलतो तो तिथेच! तिथे कापडाचे बोळे ठासा.

करंज्या डब्यात उभ्या नको, आडव्या. दर थरावर धुतलेला मऊ रुमाल. वरपर्यंत भरा, पण झाकण दाबून लावावं लागता कामा नये.

बाहेरून मांजरपाट शिवलात तर पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका, अवकाळी पावसात शाई फुटते. पोचल्यावर काथ्या कुंड्यांना घालता येतो, साडीच्या पिशव्या परत मागवा.