सुरमईला रंग कळतो का? एकाच लूरचे सहा रंग घेणाऱ्यांना सरळ प्रश्न

गोदाकाठ (नांदेड)

पावसाळी मासेमारीबंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली आणि आपल्या मासेमारीच्या गटात मालवणच्या बेताची यादी फिरायला लागली. होडीचं भाडं, डिझेल, बर्फ सगळं मान्य. पण लूरच्या, म्हणजे गळाच्या नकली आमिषाच्या, रकान्यात एकच मॉडेल, एकच माप, एकाच खोलीवर पळणारं, आणि ते सहा रंगांत घ्यायला सांगितलंय. पोपटी, गुलाबी, लाल डोक्याचा पांढरा, जांभळा-काळा, बांगडा रंगाचा, वर एक सोनेरी. एकेक नग हजार-दीड हजाराचा. माझं म्हणणं असं की दोन घ्या, एक फिका आणि एक गडद. उरलेल्या पैशात चांगली वायर, दणकट हुक आणि जरा खोल पळणारा एखादा लूर येतो.

पाण्यात शिरलेल्या उजेडातला लाल भाग सगळ्यांत आधी संपतो. नितळ पाण्यातसुद्धा दहा मीटरच्या आसपास तो जवळजवळ गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. नितळ समुद्रात निळा सगळ्यांत खोल पोचतो. म्हणजे तीस मीटरवर सोडलेला लालभडक जिग (सरळ खाली सोडायचा जड लूर) तिथं काळपट करडा झालेला असतो. आणि कोकणच्या किनाऱ्यालगतचं पाणी नितळ कुठं असतं? खाड्यांचा गाळ, पाण्यातलं बारीक शेवाळ, यानं ते हिरवट होतं. तिथं निळाही फार टिकत नाही, थोडाफार हिरवा-पिवळाच काय तो खाली जातो.

माझ्या डब्यात दीडशे ग्रॅमचा एक जिग आहे. बाल्याच्या (पट्टीसारखा लांबट मासा) दातांनी त्याचा रंग खरवडून काढलाय. पोटाकडचं शिसं उघडं पडलंय, गुलाबी पट्टा शेपटीजवळ नखाएवढा उरलाय, एका बाजूचा चिकटवलेला डोळाही गेलाय. तरी मासा लागतो. शेजारी कोरा गुलाबी लावून बसलेल्याला त्याच्याहून जास्त मिळतं असं मला तरी दिसलेलं नाही.

रंगानं फरक पडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर सांगावं. फक्त ‘मला पोपटीवर लागला’ एवढ्यावर भागवू नका. पोपटी दिवसभर पाण्यात होता आणि जांभळा दिवसभर डब्यात, तर पोपटीवरच लागणार ना.

नाथसागर (पैठण)

ती यादी मीच केलीय, तेव्हा उत्तरही मीच देतो.

भाऊ, तुम्ही तीस मीटरचा हिशेब मांडलात आणि तो ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या होडीमागं लूर ओढण्याला, लावलात. ट्रोलिंगचा स्कर्टवाला (झालरीचा) लूर पाण्याच्या वरच्या हात-दोन हातांत पळतो. डायव्हिंग लूर घेतला तरी बहुतेक पाच-सहा मीटरच्या आत. तिथं भर दुपारी लाल अजून लाल असतो. तुमचं गणित जिगिंगचं, आमची खरेदी ट्रोलिंगची.

शिवाय मासे सगळे सारखे नसतात. माही-माही बघितलाय ना? गळाला लागला की अंगावर निळा, हिरवा, पिवळा असे रंग चमकवतो आणि होडीत घेतल्यावर बघता बघता विझतो. जो मासा स्वतः रंगांत बोलतो त्याला रंग दिसत नसेल? त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी एकापेक्षा जास्त प्रकारच्या आहेत हे अभ्यासातून पुढं आलेलं आहे.

आणि तांडेलाचं, होडी चालवणाऱ्याचं, ऐका की. ज्या माणसाचं पोट समुद्रावर आहे तो पहाटे गडद लूर सोडतो आणि ऊन वर आलं की बदलायला लावतो. त्याला लूर विकायचे नाहीत. गोदाकाठावर बसून त्याला शिकवायचं का आपण?

मांजरा (लातूर)

२०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आज त्याच मराठवाड्यातली माणसं समुद्रात लाल दिसतो का गुलाबी यावर भांडायलेत. प्रगती आहे बाबा.

भांडा निवांत, पण एक सांगा. आमच्या धनेगावच्या धरणावर मरळीला बेडकाचा लूर टाकतो, तिथं काळा बेडूक चालतो तसा दुसरा चालत नाही. हे कामून?

प्रकाशाचे मास्तर (परभणी)

मांजराभाऊंच्या प्रश्नापासून घेतो, कारण सगळ्या धाग्याची गाठ तिथंच आहे.

मासा खालून वर बघतो तेव्हा त्याला आकाश एका गोल खिडकीतून दिसतं. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळं वरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या शंकूत मावतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो आणि खालचंच पाणी परत दाखवतो. आता उजळ खिडकीत तुमचा बेडूक आला तर मरळीला काय दिसणार? काळी आकृती. पिवळा बेडूकही खालून काळाच, कारण उजेड त्याच्या पाठीवर पडतोय आणि मासा पोट बघतोय. पण पातळ पिवळ्या रबरातून थोडा उजेड झिरपतो आणि कडा भुरकट होतात, काळ्यातून झिरपत नाही. कडा स्वच्छ राहिली की मासा नेम धरतो. तांडेल पहाटे गडद लूर सोडतो त्याचंही कारण मला हेच वाटतं. त्यात रंगाची करामत काही नाही, उजळ आभाळावर गडद आकार उठून दिसतो एवढंच.

नाथसागर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ट्रोलिंगचा लूर वर असतो हे खरं. पण मासा कुठं असतो? सुरमई पंधरा मीटर खालून उसळून आली तर लूरवरून निघालेल्या उजेडाला तिच्या डोळ्यापर्यंत तेवढं पाणी पार करावंच लागतं. लाल रंग त्या वाटेवर मरतो. खोली एकटी मोजून भागत नाही, पृष्ठभागापासून लूरपर्यंत आणि लूरपासून डोळ्यापर्यंत अशा दोन्ही अंतरांची बेरीज धरा. लाल डोकं तिला लाल दिसतं ते शेवटच्या काही हातांत, आणि तोवर ती निघालेली असते.

एक अपवाद मात्र ठळक आहे. फ्लुरोसंट रंग. साधा नारिंगी रंग फक्त नारिंगी उजेड परत फेकतो. खाली नारिंगी उजेडच नसेल तर तो मेला. फ्लुरोसंट नारिंगी मात्र निळा-हिरवा उजेड पिऊन नारिंगी सोडतो, म्हणून साधा नारिंगी विझतो त्या खोलीवरही तो पेटलेला राहतो. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. जांभळी बॅटरी मारून बघा, फरक लगेच कळेल.

गोदाकाठ (नांदेड)

सर, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूनं बोलायलात. फिका, गडद आणि फार तर एक फ्लुरोसंट. तीन. सहा नाहीत.

नाथसागर, माही-माहीचं मान्य. पण मालवणला आपण माही-माहीसाठी जात नाही, सुरमई आणि कुप्यासाठी (टुना) जातो. टुना जातीच्या माशांच्या डोळ्यांवर जे काम झालंय त्यातून त्यांची रंगांची जाण बेताचीच दिसते. तलवार मासा घ्या. तो डोळे आणि मेंदू भोवतीच्या पाण्यापेक्षा दहा-पंधरा अंश गरम ठेवतो, त्यासाठी डोळ्याजवळ वेगळा स्नायूच आहे. एवढा खटाटोप केला तो हलणारी गोष्ट झपाट्यानं टिपता यावी म्हणून. निसर्गानं खर्च कशावर केलाय बघा. तुम्ही मात्र तो रंगावर करायलात.

रॉडवाला (छत्रपती संभाजीनगर)

आधीच सांगतो, माझं दुकान आहे, लूर विकतो. तरी बोलतो.

गिऱ्हाईकाला ज्या रंगावर भरवसा आहे तो लूर तो नीट चालवतो. वेग बघतो, हुकाला गवत अडकलंय का बघतो, तासभर दम धरतो. भरवसा नसलेला लूर दहा मिनिटांत वर ओढतो. मग मासा कुणाला लागणार? रंग माशावर चालत नसेल तर माणसावर चालतो, आणि रॉड माणसाच्याच हातात असतो ना.

दुसरं, बांगडा रंगाच्या लूरला नावं ठेवू नका. सगळ्यांत जास्त खपतो तो.

खाडीकाठचा जावई (बीड)

जास्त खपतो हे शेठ तुम्ही पुरावा म्हणून सांगितलंत, ऐकून मौज वाटली.

माझी सासुरवाडी देवगडची, त्यामुळं बांगड्याबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आहे. खरा बांगडा असा का दिसतो? पाठ निळसर हिरवी, पोट चांदीसारखं. वरून बघणाऱ्याला पाठ पाण्यात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट आभाळात मिसळतं. म्हणजे तो रंगच लपायसाठी आहे. आपण हजार रुपये देऊन लपणारा लूर घेतो आणि मासा का बघत नाही म्हणतो. बांगडा पकडला जातो तो वळताना, कारण तेव्हा कूस उन्हात लखकन चमकते. लूरमध्येही कामाची ती चमक आहे, पाठीवरच्या निळ्या नागमोडी रेघा नाहीत.

आता खरा मासला माकुळाचा (स्क्विड). माकुळाच्या डोळ्यात, एखाददुसरी जात सोडली तर, प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं असतं. म्हणजे रंगांच्या बाबतीत तो आंधळा. आणि माकुळासाठी जो जपानी एगी लूर मिळतो, कोळंबीच्या आकाराचा, कापड गुंडाळलेला, तो किती रंगांत येतो? सोनेरी आतला पट्टा, लाल आतला पट्टा, वर नारिंगी, ऑलिव्ह, गुलाबी. अख्खी भिंत भरते. रंगच न दिसणाऱ्या प्राण्यासाठी एवढे रंग! गोदाकाठ, तुमच्या बाजूनं याहून भारी उदाहरण मला सापडणार नाही.

नाथसागर (पैठण)

जावईबापू, हे उदाहरण तुमच्याच गळ्यात पडतंय. माकुळाला रंग दिसत नसेल, पण उजळ-गडद तर दिसतं? निळ्या-हिरव्या उजेडात लाल कापडाचा एगी काळाभोर दिसतो आणि नारिंगी त्याहून फिका. जुन्या कृष्णधवल सिनेमात हिरोइनीची लाल साडी आणि पिवळी साडी वेगवेगळी दिसायचीच की. म्हणजे रंग बदलला की चित्र बदलतं. रंगांधळ्यासाठीही. मग रंगानं फरक पडतो हेच सिद्ध झालं.

आणि ‘फिका एक, गडद एक’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, मधले सगळे करडे कुठं गेले? सकाळी खाडीच्या तोंडाशी पाणी आपल्या गोदावरीला नाशिकचा पूर आल्यावर असतं तसं मातकट. दुपारी वीस मैल बाहेर गेलो की हिरवं, त्याहून बाहेर निळं. अजून पुढं, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, तिथं तळ वीसेक मीटरपर्यंत वर आलाय आणि पोवळी आहेत. तिथलं पाणी आणि खाडीचं पाणी एक नाही. मातकटात पोपटी उठून दिसतो, निळ्या पाण्यात तोच डोळ्यावर येतो. पाणी बदलतं म्हणून रंग बदलतो. सहा रंग हौस म्हणून लिहिले नाहीत.

प्रकाशाचे मास्तर (परभणी)

साडीचा दाखला वर्गात वापरणार, आधीच सांगून ठेवतो.

पण नाथसागर, यातून निघतं ते एवढंच की मागच्या पाण्याशी लूरचा उठाव किती, हे महत्त्वाचं. तुमच्या यादीतला गुलाबी आणि लाल डोक्याचा पांढरा जरा खाली गेले की उजळपणात जवळ येतात असं मला वाटतं. सोनेरी आणि पोपटी हिरवट पाण्यात सख्खे भाऊ. सहापैकी चार तरी आपापसात बदली खेळाडू आहेत.

फार खोल जिगिंग करणार असाल तर ऐंशी-शंभर मीटरवर हा वादच मिटतो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात तिथं उजेड नावालाच. चमकणारा रंग लावलेले जिग तिथं चालतात, कारण ते स्वतः उजेड देतात. बॅटरीनं भरून सोडायचे, विझले की वर काढून परत भरायचे.

गोदाकाठ (नांदेड)

मग यंदा बघूनच टाकू. एकाच मॉडेलचे दोन लूर, एक पोपटी, एक जांभळा-काळा. सारखी दोरी, सारखं अंतर. दर अर्ध्या तासाला डावीकडचा उजवीकडं. कारण होडीच्या फेसाजवळचा रॉड आणि बाहेरचा रॉड यांना मासे सारखे लागत नाहीत, आणि आपण नेहमी लाडका रंग चांगल्या जागेवर लावतो. किती लागले ते नको, पाण्यात किती वेळ होता त्याच्या हिशेबानं किती लागले ते लिहा.

नाथसागर (पैठण)

होडीचं भाडं सहा जणांनी वाटून दिलंय भाऊ, तुमच्या प्रयोगवहीसाठी नाही. मासा पोपटीवर तुटून पडत असेल तर मी अर्ध्या तासानं घड्याळ बघून तो काढणार नाही. आणि एका दिवसात लागून लागून किती सुरमया लागतात? चार विरुद्ध तीन झालं तर काय सिद्ध करणार?

प्रकाशाचे मास्तर (परभणी)

चार विरुद्ध तीननं काहीच सिद्ध होत नाही, हे नाथसागर बरोबर बोलले. पण मग हेच ‘पोपटी चालतो’ या तुमच्या अनुभवालाही लागू करा.

रॉडवाला (छत्रपती संभाजीनगर)

प्रयोग करा नाहीतर नका करू, हुक तेवढे बदला. कंपनीचे बरेच हुक सुरमईला सरळ होतात. परत येऊन रंगाला शिव्या देता.

मांजरा (लातूर)

मी काळा बेडूकच आणतो. समुद्रात चालतो का ते बघू.

नाथसागर (पैठण)

बेडूक राहू द्या मामा, अ‍ॅडव्हान्स पाठवा. तुमचाच राहिलाय. यादीतून सोनेरी काढलाय, बाकी पाच तसेच.

गोदाकाठ (नांदेड)

गुलाबी पण काढा.

नाथसागर (पैठण)

गुलाबी माझ्या पैशानं घेतोय. लागला तर मागू नका.