मदत हवी आहे : प्रीपोझिशनल फ्रेज नेमका कोणाला चिकटतो?

मंडळी, इंग्रजी व्याकरणात एका जागी अडकलोय. प्रीपोझिशन आणि त्यामागून येणारं नाम मिळून फ्रेज होतो, इथवर ठीक. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं, त्यांचं पुढे बसतं, एवढंच.

पण तो फ्रेज काम कोणाचं करतो? ‘द बुक ऑन द टेबल इज माइन’ यात ‘ऑन द टेबल’ पुस्तकाचं विशेषण, तर ‘पुट द बुक ऑन द टेबल’ यात तो क्रियापदाशी जोडलेला. मराठीत ‘टेबलावरचं’ आणि ‘टेबलावर’ असा फरक त्या ‘चं’मुळे लगेच कळतो. इंग्रजीत रूप तेच!

‘शी हिट द थीफ विथ ॲन अम्ब्रेला’ घ्या. तिने छत्रीने मारलं, की छत्रीवाल्या चोराला मारलं? मला दोन्ही पटतं. (चोराला काय, मार बसलाच.)

आणखी एक. ‘वॉक्ड अप द हिल’मधला ‘अप’ प्रीपोझिशन, पण ‘लुक्ड अप द वर्ड’मधला नाही म्हणे, कारण ‘लुक्ड द वर्ड अप’ असंही चालतं. ही सरकवून बघायची युक्ती नेहमी लागू पडते का? फ्रेज कोणाचा हे ओळखायला तुम्ही काय करता? उदाहरणं दिलीत तर फार बरं होईल.