मोफत मराठी फॉन्ट बसवतानाचे तुमचे अनुभव

गेल्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयातला जुना संगणक मोडीत जाणार होता. त्याआधी त्यातली ग्रंथयादी वाचवावी, म्हणून मी ती पेन ड्राइव्हवर घरी आणली आणि माझ्या लॅपटॉपवर उघडली. पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसती रोमन अक्षरे, त्यांच्या डोक्यावर टोप्या आणि टिंबे, मधूनच पौंडाचे चिन्ह, असे काहीतरी दिसत होते. नोंदी तीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतली एकही वाचता येत नव्हती. माझ्या वडिलांनी २००२ आणि २००३ या दोन वर्षांच्या उन्हाळ्यात, दुपारी वाचनालय बंद असताना, एका बोटाने ही यादी टंकली होती.

वर्डच्या पट्टीत फॉन्टचे नाव ‘शिवाजी ०१’ असे दिसले आणि सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. वडिलांनी तो मोफत फॉन्ट तालुक्याच्या सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणला होता. विंडोज ९८च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फॉन्ट्स’ उघडायचे, ‘फाइल’मधून ‘इन्स्टॉल न्यू फॉन्ट’ निवडायचे, मग फ्लॉपीचा आवाज थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असे त्यांनी देवघेवीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. आपापल्या संगणकावर मराठी फॉन्ट बसवताना तुमचे काय अडले आणि ते कसे सुटले, हे कृपया लिहावे.

लातूरचा डीटीपीकार :
ताई, यादी शाबूत आहे, काळजी करू नका. त्या काळच्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत, त्यामुळे तोच फॉन्ट संगणकावर नसेल तर खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. शिवाजी फॉन्ट मिळवा, झिप (आवळून बांधलेली फाइल) असेल तर आधी ती पूर्ण उलगडा, कारण झिपच्या आतूनच फाइल उघडून अनेकजण फसतात. मग फाइल उघडून वरचे ‘इन्स्टॉल’ बटण दाबा. विंडोज १० आणि ११वर असा फॉन्ट बहुधा फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. घरातल्या इतरांनाही तो हवा असेल, तर फाइलवर उजवी कळ दाबून सर्व वापरकर्त्यांसाठी बसवण्याचा पर्याय घ्या. शेवटी वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

एका ग्राहकाने लग्नपत्रिकेची फाइल पाठवली होती. फॉन्ट आमच्याकडे होता, पण आवृत्ती वेगळी होती, त्यामुळे वधूपित्याच्या नावातला रफार शेजारच्या अक्षरावर गेला आणि तो छापून झाल्यावरच लक्षात आला. पाचशे पत्रिका मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. तेव्हापासून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही.

नाशिकची निवृत्त शिक्षिका :
माझा अनुभव विंडोज एक्सपीचा आहे. युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली, मराठी पाने उघडली की चौकोन दिसत. एका विद्यार्थ्याने मोफत युनिकोड फॉन्ट आणून बसवला, चौकोन गेले, पण ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या नंतर दिसू लागली आणि ‘विद्यार्थी’ हा शब्द हलन्त अक्षरांची सुटी रांग होऊन बसला. दोष फॉन्टचा असेल असे समजून आम्ही आणखी चार फॉन्ट बसवले. खरे कारण वेगळेच निघाले. अक्षरे जोडण्याचे काम संगणकाची प्रणाली करते आणि एक्सपीमध्ये ती सोय ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन, जटिल (म्हणजे देवनागरीसारख्या, अक्षरे जोडाव्या लागणाऱ्या) लिप्यांच्या चौकटीत खूण करून, चालू करावी लागे. त्यासाठी एक्सपीची मूळ सीडी हवी होती आणि दुकानदाराने ती दिलेलीच नव्हती. शेवटी शेजारच्या शाळेतून सीडी आणली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ‘विद्यार्थी’ नीट जोडलेला दिसला, तेव्हा वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

उबुंटूवाला कोल्हापूरकर :
लिनक्सवर (उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) लोहित देवनागरी हा मोफत फॉन्ट बहुतेक ठिकाणी आधीच असतो किंवा पॅकेजमधून सहज मिळतो. बाहेरचा फॉन्ट मी घरच्या फोल्डरातील ‘.लोकल’मध्ये ‘शेअर’ आणि त्यात ‘फॉन्ट्स’ असे फोल्डर करून तिथे ठेवतो आणि फॉन्टांची यादी ताजी करणारी ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा देतो. ‘एफसी-लिस्ट’ला मराठीचा संकेत दिला, तर मराठी लिहू शकणाऱ्या फॉन्टांचीच यादी मिळते.

माझ्या आईने मात्र वेगळीच गोष्ट पकडली. तिच्या पत्रातले ‘ल’ आणि ‘श’ तिला हिंदी पुस्तकातल्यासारखे वाटले. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आहेत. अनेक फॉन्टांमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगितल्याशिवाय आपले वळण उमटत नाही. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रणालीत जटिल लिपीची भाषा हिंदीवरून मराठी केली आणि पूर्ण पत्र क्षणात बदलले. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

फोनवरून :
कुकर लावून लिहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. माझ्या जुन्या फोनवर फॉन्ट बसवताच येत नव्हता. ओपेरा मिनी या ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी ‘ओपेरा:कॉन्फिग’ असे रोमनमध्ये लिहून, जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय ‘यस’ केला की मराठी दिसे. अक्षरे चित्र म्हणून येत, त्यामुळे पान सावकाश उघडे, पण बाळंतपणात माहेरी असताना मी सगळे वाचन त्याच्यावर केले.

न्यू जर्सीची मराठी शाळा :
आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मॅकवर स्वाध्याय तयार करते. फाइलवर दोनदा टिचकी मारली की ‘फॉन्ट बुक’ उघडते आणि ‘इन्स्टॉल’ म्हटले की काम होते. मी मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ फॉन्ट निवडला, कारण लहान मुलांना त्याची अक्षरे स्पष्ट वाचता येतात. पण विंडोजवाल्या शिक्षिकेकडे तो नव्हता. तिच्याकडे दुसराच फॉन्ट लागला, ओळी लांबल्या आणि ‘रिकाम्या जागा भरा’ यातल्या जागा पुढच्या पानावर गेल्या. मुक्त परवान्यामुळे फॉन्टची फाइलही सोबत पाठवता येते, आता मी तसेच करते. आणखी एक सांगते : काही फॉन्टांच्या झिपमध्ये सगळ्या जाडींची मिळून एकच फाइल आणि ‘स्टॅटिक’ नावाचे वेगळे फोल्डर, असे दोन्ही असते. जुन्या वर्डमध्ये स्टॅटिक फोल्डरातल्या फाइलीच बसवाव्यात.

नाशिकची निवृत्त शिक्षिका :
कोल्हापूरकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आम्ही फळ्यावर ‘दऱ्या’ लिहून ‘दर्या’हून वेगळे करून दाखवत असू. कोणताही नवा फॉन्ट बसवला की मी पहिल्यांदा ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ आणि ‘ॲ’ लिहून बघते. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत तो सापडत नाही.

मोडी शिकणारा :
मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. नोटो सान्स मोडी हा फॉन्ट बसवेपर्यंत मला सगळीकडे चौकोनच दिसत होते. पणजोबांच्या खरेदीखतातली पहिली ओळ मी टंकून पाहिली आणि ती रात्री उशिरापर्यंत नुसती बघत बसलो.

धागाकर्ती :
लातूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे केले आणि यादी दिसली! आता पुढची अडचण आली आहे. शोधाच्या चौकटीत मराठीत लेखकाचे नाव लिहिले, तर एकही नोंद सापडत नाही. अकारविल्हे लावून पाहिली, तर ‘कि’, ‘वि’, ‘शि’ यांनी सुरू होणारी सगळी नावे एकाच ठिकाणी गोळा झाली. शेऱ्याच्या रकान्यात वडिलांनी काही पुस्तकांपुढे ‘परत आले नाही’ असे लिहिलेले आहे आणि त्यातल्या एका नोंदीपुढे माझे नाव आहे. ते पुस्तक काल माळ्यावर मिळाले. रविवारी परत देईन.

लातूरचा डीटीपीकार :
त्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, म्हणून तसे होते. यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करा, त्याची साधने मोफत मिळतात. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतील. यादी मोठी आहे, पहिली पाचशे नावे माझ्याकडे पाठवा, रात्री दुकान बंद केल्यावर मी तपासून देतो.