पायपिंगचा हात कसा बसवायचा?

विषय: केकवरची नक्षी जमत नाही

नमस्कार मंडळी,
यंदा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचा केक मी करणार आहे. स्पंज चांगला होतो, पण वरचं पायपिंग, म्हणजे नोझल लावलेल्या बॅगेतून क्रीम दाबून काढायची नक्षी, सुबक येत नाही. रेघ मध्येच तुटते, दोन फुलं एकसारखी येत नाहीत. व्हिडिओ बघितले, नोझलचा मोठा सेट आणला, तरी तेच. कोल्हापूरच्या काकू लिस्टवर आहेत ना अजून? तुम्ही तिथे ऑर्डरी घेता म्हणे. काकू, माझ्या हातात कलाच नाही का?

---

उत्तर: केकवरची नक्षी जमत नाही

अगं, असं मनातसुद्धा आणू नकोस. हात बसायला वेळ लागतो, एवढंच.

लंडनहून इकडे परत आल्यावर मी राजारामपुरीत एका ताईंकडे शिकायला जात होते. पहिले आठ दिवस त्यांनी केकला हात लावू दिला नाही. स्टीलचं ताट पालथं घातलं आणि म्हणाल्या, ठिपके काढा. मला राग आला होता. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, "तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला आधी जोर-बैठकाच काढायला लावतात. डाव मागनं." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

तर तूही ताट घे. खरी क्रीम सरावाला वापरू नकोस, वाया जाते. तुमच्या ब्रिटनमधल्या डबल क्रीममध्ये ४८ टक्के स्निग्धांश असतो. ती बघता बघता जास्त फेटली जाते, आणि रवाळ क्रीमची रेघ फाटतेच. एक वाटी पांढरं व्हेजिटेबल फॅट (इथे मी वनस्पती तूप घेते), तीन वाट्या आयसिंग शुगर आणि चमचा-दोन चमचे पाणी एवढं फेटून डब्यात भरून ठेव. ताटावरून खरवडून पुन्हा बॅगेत भरायचं. माझा एक डबा महिनाभर पुरला.

बॅग अर्ध्यापेक्षा जास्त भरू नको. वर घट्ट पीळ घाल आणि तो पीळ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धर. दाब तळव्याचा हवा. दुसरा हात नोझलजवळ नुसता आधाराला, त्याने दाबायचं नाही. मेंदीचा कोन धरलेला असेल तर इथे जरा गोंधळ होतो. तिथे सगळं काम बोटांचं असतं.

आधी साध्या गोल नोझलने ठिपके. बॅग सरळ उभी, टोक ताटापासून किंचित वर. दाब, थांब, मग उचल. "थांब" विसरलं की ठिपक्याला शेंडी येते. नव्वद टक्के चूक इथेच असते, माझीही होती. शेंडी जायला मला चार दिवस लागले. मग बॅग तिरकी धरून रेघा: टोक ताटावर घासायचं नाही, क्रीम वरून सोडत न्यायची, रांगोळीची रेघ सोडतो तशी. त्यानंतर स्टार नोझलने शेल बॉर्डर, म्हणजे शिंपल्यांसारख्या आकारांची कडा. रोझेट, म्हणजे गोल फिरवून काढलेलं फूल, सगळ्यात शेवटी. १एम नोझलने (मोठं स्टार नोझल) मधून सुरू करून बाहेर गेलीस तर गुलाब दिसतो, बाहेरून आत आलीस तर कपकेकवरचा भोवरा. नोझल तेच!

रोज पंधरा मिनिटं, आणि एका दिवशी एकच आकार. सेटमधली बाकीची नोझलं कपाटात ठेवून दे.

उन्हाचं तुला तिथे भ्यायला नको, पण हाताच्या उबेनेही क्रीम सैल होते. मागच्या एप्रिलमध्ये भर दुपारी पुतण्याच्या वाढदिवसाचा केक करत होते आणि लाईट गेली. बटरक्रीमचे बारा गुलाब बघता बघता कडेवरून घसरले. पोरगं समोर उभं होतं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून दोन बॅगा भरते, एक हातात आणि एक फ्रीजमध्ये.

पंधरा दिवसांनी ताटाचा फोटो पाठव. केकचा नको, ताटाचाच.

---

उत्तर: केकवरची नक्षी जमत नाही

काकू, फोटो जोडला आहे. ठिपक्यांच्या शेंड्या गेल्या! शेल मात्र वेडेवाकडे येतात, आणि काढलेल्यावरच हात पडून पुसले जातात. व्हिडिओत दाखवतात तसं डावीकडून उजवीकडेच जाते. मी डावखुरी आहे, त्याने काही फरक पडतो का?

---

उत्तर: केकवरची नक्षी जमत नाही

पडतो तर! आधी सांगायचंस की गं. ठिपके फार छान आलेत, शेवटच्या दोन ओळी तर एका मापाच्या आहेत. तू बॉर्डर उजवीकडून डावीकडे काढ आणि बॅगेचा कल डावीकडे ठेव. टर्नटेबलही (केक ठेवायचं फिरतं स्टँड) व्हिडिओत दिसतं त्याच्या उलटं फिरव. फक्त नाव लिहिताना नेहमीसारखं डावीकडून. तेव्हा मनगट ओळीच्या खाली राहू दे, म्हणजे अक्षरं पुसणार नाहीत. शेलचा फोटो रविवारी पाठव, वाट बघते.