बुटीबोरी: प्लॉटआधी एक उन्हाळा भाड्याने राहा

ताई, नवऱ्याची नोकरी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत, मुलगी तीन वर्षांची, म्हणून नागपुरातल्या मनीषनगरचा भाड्याचा फ्लॅट सोडून तिकडेच प्लॉट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी प्लॉटच्या दरावरच लिहिलंय. मला पाण्याची जास्त काळजी वाटते.

प्लॉट बघायला दिवाळीत जाऊ नका, मे महिन्यात भर दुपारी जा. आपल्याकडे तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो, कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते. ते पाणी कुठून येतं, बोअर कधी आटते, टँकर किती दिवसांनी येतो, हे शेजारच्या घरातल्या बाईला विचारा. विकणारा सांगणार नाही.

नवऱ्याचं रोजचं जाणं-येणं वाचेल, हा फायदा मोठाच आहे. घरी वेळेवर आलेला बाप लेकराला मिळतो! पण तुमचं काय? नागपूरची मुख्य बाजारपेठ सीताबर्डी तिथून जवळपास 30 किलोमीटर. मेट्रोचा पहिला टप्पा खापरीलाच संपतो. बुटीबोरीचा मार्ग दुसऱ्या टप्प्यातला आहे, त्याच्या भरवशावर आजचा निर्णय नको. दवाखान्याचं म्हणाल तर मिहान भागातलं एम्स वाटेतच आहे, पण रात्री साध्या तापाला बघणारा बालरोगतज्ज्ञ गावातच हवा.

कागदांत सातबारा, एनए (बिगरशेती) आदेश आणि एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) मंजूर नकाशा वकिलाला दाखवाच. "होऊन जाईल" म्हणणाऱ्या दलालाला दुरूनच नमस्कार. माझं मत विचाराल तर मार्च ते जून तिथे भाड्याने राहा, टोकन त्यानंतर.