कुंकूचा शेवट कुणाकुणाला खटकला?

ओसरीवरची:
काल आईसोबत प्रभात फिल्म कंपनीचा कुंकू (1937) हा सिनेमा पाहिला. शांता आपटेंची नीरा काय खमकी आहे! म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलंय तर ती सरळ सांगते मी हे लग्न मानत नाही, वर अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने बडवते. पण शेवटी नवराच आत्महत्या करून तिला मोकळं करतो?? म्हणजे सुटका त्याच्याच मेहेरबानीने. दिग्दर्शक शांतारामबापू ऐनवेळी कचरले असं वाटलं मला.

बिनफीचा_वकील:
कचरले नाहीत हो, कायदाच तसा होता. मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोट मिळाला 1947 ला, देशभर 1955 ला. विधवेला मात्र 1856 पासून पुनर्विवाहाची मुभा. मग नीराला दुसरं लग्न करायचं तर आधी तिचा नवरा काकासाहेब मरायलाच हवेत ना! जरठ-कुमारी विवाहाला सारडा कायदाही (1929, हरबिलास सारडांचा, देवलांच्या शारदा नाटकाचा नव्हे, लोक कायम घोळ घालतात) अडवत नव्हता, मुलगी 14 ची झाली की बास, नवरा सत्तरीचा का असेना.

चिंचपेटी:
बडोदा संस्थानात 1931 लाच घटस्फोटाचा कायदा होता की. नीराला गाडीत बसवून द्यायची बडोद्याला 😀

बिनफीचा_वकील:
तो बडोदेकरांपुरता, पुण्याच्या नीराला काय उपयोग :)

ओसरीवरची:
अरे हो, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग निदान घर सोडून जायचं तरी!

मधली_सुट्टी:
रखमाबाई गेल्याच नव्हत्या सासरी. नवऱ्याने 1884 ला नांदायला ये म्हणून दावा ठोकला, 1887 ला कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. शेवटी पैसे देऊन मिटवलं, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. आणि ते नांदायला लावायचं कलम हिंदू विवाह कायद्यात अजून आहे बरं, कलम 9.
बाय द वे, काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी ओळखली का? शकुंतला परांजपे, सई परांजपेंच्या आई, संततिनियमनाचं काम खरोखर करणाऱ्या. आणि शांता आपटे तर पुढे कंपनीशी भांडण झालं तेव्हा प्रभातच्याच फाटकात उपोषणाला बसल्या होत्या, त्यांना नीरा जमणारच.

ओसरीवरची:
आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली माझ्या आत्यालाही असंच बिजवराला दिलं होतं, ती कधी काही बोलली नाही, दुपारभर एकटीच पत्ते लावत बसायची. हे मला आजच कळतंय.